सोळा की साठ

नव्या घरात आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मकपालने स्वयंपाकघराच्या टेबलावर स्कॅनर ठेवला, बटण फिरवलं आणि वाट पाहिली. वीतभर लांबीचं ते काळं यंत्र हवेतून जाणारं वायरलेसवरचं बोलणं पकडून ऐकवायचं. निवृत्तीनंतर एका गिर्यारोहकाकडून तिने ते घेतलं होतं. जुन्या घरी, गल्लीच्या टोकाला, सफरचंदाच्या झाडाखाली ते नुसतं ठेवलं तरी डोंगरावरच्या चौकीचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा यायचा. इथे अकराव्या मजल्यावर मात्र खरखर. एखाद्याने कढईत वाळू परतत राहावी, तशी न संपणारी खरखर.

"आई, उंचावर आहेस, आता तर जास्तच ऐकू येईल," असं अस्तानाहून मुलगी म्हणाली होती. जुनं घर रस्तारुंदीत गेलं तेव्हा तिनेच खटपट करून हा फ्लॅट बघितला. "आणि खरं सांगू का, ऐकू नाही आलं तर आणखी बरं. नोकरी सुटून पंधरा वर्षं झाली तुझी. आता कुणाचा हिशेब ठेवतेस?"

मकपालने विषय बदलला. मुलीला काही गोष्टी सांगितलेल्या नव्हत्या, आणि सत्तराव्या वर्षी फोनवर सांगाव्यात अशा त्या नव्हत्याही.

अल्माटीच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता डोंगराला भिडतो, तिथे हिमलोटांवर नजर ठेवणारं एक केंद्र आहे. वर दऱ्यांमध्ये त्याच्या चौक्या. हिवाळाभर एकेक, दोन-दोन माणसं त्या चौक्यांत राहतात, सकाळी उठून बर्फ मोजतात आणि आठच्या ठोक्याला वायरलेसवरून आकडे खाली सांगतात. नवा बर्फ किती सेंटिमीटर, जुना किती, वारा कुठला, उतारावर भेगा दिसतात का. ते आकडे ऐकून लिहून घेण्याचं काम मकपालने तेहेतीस वर्षं केलं. तिच्या वहीवरून साहेब ठरवायचे, दरीतला रस्ता आज उघडा ठेवायचा की बंद.

अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली एक सकाळ. तास्बुलाक दरीच्या चौकीवरून बोलणाऱ्याचा आवाज वादळात फाटून येत होता. मकपाल तेव्हा चौतीस वर्षांची, कामात वाघीण म्हणून नाव असलेली. "नवा बर्फ..." आणि पुढे खरखर. "पुन्हा सांगा." पुन्हा खरखर. "पुन्हा सांगा." पलीकडचा माणूस वैतागला, "अहो, बहिऱ्या झालात का? बोटं गळून पडतायत माझी इथे!" शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. तिसऱ्या वेळी 'स' ऐकू आला, शेवट ऐकू आला नाही. सोळा असेल, असं तिला वाटलं. आदल्या दिवशी बारा होता, त्याच्या आदल्या दिवशी नऊ. सोळा बसत होता. चौथ्यांदा विचारायची तिला लाज वाटली. तिने वहीत सोळा लिहिलं आणि खाली सही केली.

तो साठ होता.

रस्ता उघडा राहिला. दहाच्या सुमाराला दुधाची गाडी वरच्या क्षयरोग रुग्णालयाकडे निघाली. चालवणारा तुरसिनबेक नावाचा माणूस होता आणि त्याच्या शेजारी ड्यूटीवर चाललेली क्लारा नावाची नर्स. गाडी चौथ्या दिवशी बर्फाखाली सापडली.

चौकशी झाली. अहवालात 'खराब ध्वनिग्रहण' असा शब्द आला आणि फाइल बंद झाली. कुणी मकपालला एक शब्द बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. दोन महिन्यांनी तिने साहेबांकडे जाऊन एवढंच सांगितलं, की इथून पुढे आकडा सुटा सुटा बोलायचा. साठ नाही, 'सहा, शून्य'. सोळा नाही, 'एक, सहा'. आणि ऐकणाऱ्याने तो तसाच परत म्हणून दाखवायचा. वरच्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय वहीत शाई लावायची नाही. साहेब म्हणाले, चालेल. नियम झाला. दरवर्षी फेब्रुवारीत त्या तारखेला ती तेलात सात शेलपेक तळायची, मेलेल्यांच्या नावाने तळतात तशा पातळ पोळ्या, आणि शेजाऱ्यांना वाटायची. कुणासाठी, असं नवऱ्याने विचारलं तर म्हणायची, "आहेत कुणी दोघं." तोक्तार शहाणा माणूस होता. तो पुन्हा विचारत नसे. सहा वर्षांपूर्वी तोही गेला.

निवृत्त झाल्यावर तिला रिकामपण खायला उठलं नाही. खायला उठली ती आठची वेळ. म्हणून तो स्कॅनर. ती नुसती ऐकायची. वरच्याने सांगितलेला आकडा केंद्रातल्याने परत म्हणून दाखवला की वहीत बारीक खूण करायची आणि चहा ठेवायची. केंद्राचा आताचा प्रमुख बेकझात तिच्या हाताखाली शिकलेला शेवटचा मुलगा. त्याला हे माहीत होतं. "ऐका की आपाय," तो म्हणाला होता, वडीलधाऱ्या बाईला हाक मारतात तशी. "तुमचे कान आमच्यावर आहेत म्हटलं की पोरं नीट बोलतात."

आणि आता कानच गेले होते.

पहिला आठवडा तिने यंत्र घरभर फिरवलं. भिंतीच्या काँक्रीटमध्ये लोखंडाची जाळी, तिच्यातून काही आत येईना. खिडकीशी नेलं तरी तेच. मग एका सकाळी धूर कोंडला म्हणून तिने खिडकी उघडली आणि खरखरीतून कुणीतरी खोकलं. माणसाचा खोकला! खिडकी लावली, खोकला गेला. उघडली, आला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. नव्या इमारतीच्या काचा ऊब राखणाऱ्या, त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा धातूचा पातळ थर. ऊब बाहेर जाऊ देत नाहीत आणि आवाज आत येऊ देत नाहीत. त्या दिवसापासून बाहेर उणे अठरा असलं तरी मकपाल आठच्या आधी कोट चढवायची, डोक्याला लोकरी शाल गुंडाळायची आणि सताड उघड्या खिडकीत बसायची.

तरी बोलणं लागत नव्हतं, नुसतीच माणसाची चाहूल. त्यात मध्येच एक गुणगुण यायची, एकसुरी, दातात शिरणारी. तिने घरातला फ्रिज बंद केला. दिवे बंद केले. शेवटी मीटरशेजारचा मुख्य खटका खाली ओढला. गुणगुण होतीच. म्हणजे ती बाहेरची. मग यंत्र हातात धरून ती जिन्याच्या बोळात आली. लिफ्टजवळ कमी, कचऱ्याच्या झरोक्याजवळ कमी, आणि समोरच्या दाराशी गेलं की कान फुटेल इतकी.

दार उघडलं ते इस्रापिल आकाने. ट्रामच्या डेपोत चाळीस वर्षं मिस्त्री असलेला हा उइगुर म्हातारा, पंचाहत्तरीचा, मिशा पांढऱ्या पण तलवारीसारख्या.

"काय शेजारीणबाई, माझ्या घरात बॉम्ब शोधताय की काय?"

"तुमच्या घरात काहीतरी कोकलतंय, आका."

"ती माझी बायको. बावन्न वर्षं झाली, आता बंद होणार नाही."

आतून बायकोने काहीतरी सुनावलं, ते मकपालला कळलं नाही, इस्रापिलला कळलं आणि तो बाजूला झाला. आत खिडकीच्या फळीवर दह्याच्या रिकाम्या डब्यांत रोपांची रांग, आणि वर एक जांभळा दिवा. यंत्र दिव्याजवळ नेताच असं किंचाळलं, की तिघांनीही कान झाकले.

"टोमॅटो आहेत वाटतं," मकपाल म्हणाली.

"टोमॅटो!" इस्रापिलला जणू कुणी शिवी दिली. "मिरच्या आहेत मिरच्या! आमच्या गावच्या बियाणाच्या. एप्रिलमध्ये मळ्यावर नेणार. दिवा बंद करायला सांगायला आल्या असाल तर आल्या पावली परत जा."

"सकाळी आठ ते साडेआठ. अर्धा तासच."

"माझी मिरची अर्धा तास अंधारात बसणार, आणि का? तर तुम्हाला परक्यांचं बोलणं चोरून ऐकायचंय म्हणून?"

"चोरून नाही. त्यांना ठाऊक आहे."

"मग त्यांनाच सांगा मोठ्याने बोलायला!"

ती परत आली. दुसऱ्या दिवशी आठला तिने खिडकी उघडली आणि गुणगुण नव्हती. साडेआठला ती पुन्हा सुरू झाली. दुपारी ती बाउरसाकची, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांची, ताटली घेऊन समोरच्या दाराशी गेली. इस्रापिलने एक गोळा तोंडात टाकला आणि चघळत म्हणाला, "अंधाराने मिरची तिखट होते म्हणतात. बघू." आणि मग, "तुमचं ते यंत्र दाखवा बरं. चाळीस वर्षं मी ट्रामच्या ठिणग्यांशी भांडलोय. आवाज कसा मारायचा ते मला शिकवू नका."

त्याने जुन्या टीव्हीतलं एक काळं लोहचुंबकासारखं कडं काढलं आणि दिव्याची वायर त्याच्यातून पाच वेढे घालून ओवली. गुणगुण अर्ध्यावर आली. मग तो म्हणाला, की या बोटभर रबरी अँटेनाने काही व्हायचं नाही. पडद्याच्या ॲल्युमिनियमच्या दांड्या कापून, लाकडी पट्टीवर मापाने बसवून त्याने माशाच्या काट्यासारखी एक अँटेना केली. ती ज्या बाजूला तोंड करील तिकडचंच ऐकते, बाकीच्या गलक्याकडे पाठ फिरवते. आणि गलका होताच. इतक्या उंचावरून सगळं शहर स्कॅनरमध्ये शिरत होतं, टॅक्सीवाले, क्रेनवाले, बाजाराचे पहारेकरी. जास्त ऐकू येणं हीच तर अडचण होती.

मोठी अडचण मात्र वेगळीच होती. डोंगर दक्षिणेला, आणि मकपालच्या, तशाच इस्रापिलच्याही, खिडक्या आणि सज्जे उत्तरेला. मध्ये सगळी इमारत आडवी. यावर उपाय एकच, गच्ची. गच्चीची किल्ली इमारतीची कारभारीण नोन्ना पेत्रोव्हना हिच्या गळ्यात.

"नाही म्हणजे नाही, मकपाल झुनुसोव्हना," ती म्हणाली. "गेल्या वर्षी एकाने टीव्हीची तबकडी बसवायला डांबराला भोकं पाडली. तीन घरांत पाणी. तेव्हापासून गच्चीवर कावळासुद्धा मला विचारून बसतो. आणि तुमचं वय बघा! बर्फावरून घसरलात तर तुमच्या लेकीला तोंड कोण दाखवणार? मीच ना?"

इस्रापिलने मध्यस्थी करून पाहिली. त्यालाही तिने त्याच्या वयाची आठवण करून दिली. तो घरी येईपर्यंत लिफ्टमध्ये धुमसत होता.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी दोघं सज्जात उभी होती. इस्रापिल कठड्याबाहेर अँटेना धरून, मकपाल कानाशी स्कॅनर लावून. तो ती कोपऱ्यातून दक्षिणेकडे वाकवून पाहत होता, इमारतीला वळसा घालून काही येतंय का म्हणून. काही येत नव्हतं.

"पंधरा मिनिटं झाली. हात माझा आहे की लोखंडाचा?"

"आणखी थोडं वर."

"वर काय, आता सरळ अल्लाकडे जाईल." दमून त्याने हात खाली सोडला. अँटेना फिरली आणि तिचं तोंड उत्तरेकडे, रस्त्यापलीकडच्या नव्या काचेच्या बुरुजाकडे झालं.

"...वारा नैऋत्य, तीन. नवा बर्फ शून्य, आठ..."

"हलू नका!" मकपाल ओरडली.

"अहो, पण—"

"हलू नका म्हणते ना!"

तो तसाच वाकडा उभा राहिला. तास्बुलाकच्या चौकीवरचा तरुण निरीक्षक कुआत, त्याचा सगळा अहवाल शेवटपर्यंत, स्वच्छ. दक्षिणेच्या डोंगरातून निघालेला आवाज त्यांच्या इमारतीवरून पुढे जाऊन समोरच्या बुरुजाच्या काचांवर आपटत होता आणि मागे फिरून त्यांच्या सज्जात येत होता. त्याच धातूच्या थराच्या काचा. तरुणपणी वर चौकीवर गेली असताना मकपालने हे पाहिलं होतं, खालचं केंद्र कड्याआड गेलं की निरीक्षक समोरच्या कातळाकडे तोंड करून बोलायचे, आणि कातळ ते पोचवायचा. सत्तर वर्षांच्या बाईला हे आधीच सुचायला हवं होतं, असं ती स्वतःला म्हणाली.

इस्रापिलने अँटेना कठड्याला तारेने आवळून टाकली आणि जाड केबल खिडकीच्या चौकटीखालून आत घेतली. आता खिडकी लावूनही ऐकू येऊ लागलं. पहिल्या दिवशी सगळं नीट लागल्यावर तो खुर्चीत बसला आणि त्याने विचारलं, "आता सांगा. एवढं कशासाठी?"

"एकदा मी नीट ऐकलं नाही," मकपाल म्हणाली.

तो पुढचं ऐकायला थांबला. ती चहा ओतायला लागली, तेव्हा त्याने पेला पुढे केला.

जे ऐकू येऊ लागलं त्याने तिचं समाधान झालं असं नाही. केंद्रात आता आकडे यंत्रावरून आपोआप यायचे. चौकीशेजारच्या खांबावर बसवलेला डोळा बर्फाची उंची मोजून थेट संगणकाला कळवायचा. आठचं बोलणं नुसता रिवाज म्हणून उरलं होतं. खालची नवी मुलगी आकडा परत म्हणून दाखवत नव्हती. "मिळालं," एवढंच म्हणायची, तेही घाईत. मकपालने बेकझातला फोन केला.

"आपाय, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "सांगतो तिला. पण काळजी करू नका, यंत्र चुकत नाही."

"मीही चुकत नव्हते," मकपाल म्हणाली आणि फोन ठेवला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, दोन रात्री बर्फ पडला. ओला, जड बर्फ, हिवाळ्याच्या शेवटी पडतो तसा. गुरुवारी सकाळी शहरात नुसतं धुकं होतं. आठला मकपालने यंत्र लावलं.

"केंद्र, केंद्र, मी तास्बुलाक. ऐकताय का?"

उत्तर नाही.

"केंद्र, मी तास्बुलाक..."

केंद्र डोंगराच्या अगदी कुशीत. चौकी तिथून दिसत नाही, म्हणून मधल्या कड्यावर एक पेटी बसवलेली आहे, ती चौकीचं बोलणं झेलून खाली टाकते. मकपाल मात्र पेटीवरून आलेलं कधी ऐकत नसे, चौकी आणि केंद्र ज्या लहरीवर पेटीशी बोलतात तिच्यावरच थेट कान लावायची. ही जुनी सवय. म्हणून तिला कळलं. कुआत बोलत होता आणि ते पेटीपर्यंत पोचून तिथेच मरत होतं. बर्फाने पेटी गेली होती. केंद्राला शांतता ऐकू येत होती, आणि वादळात चौकी तासभर गप्प राहणं नवीन नव्हतं. चौकीवर मोबाइल कधीच लागत नसे.

"कुणी ऐकत असेल तर," कुआतचा आवाज आता अहवालाचा राहिला नव्हता. "कुणीही ऐकत असेल तर. नवा बर्फ सात, दोन. सात, दोन. खांब वाकलाय, यंत्रावर विश्वास ठेवू नका. पूर्वेच्या उतारावर वरपासून भेग गेली आहे. रस्ता बंद करा. पुन्हा सांगतो..."

मकपालने लिहिलं. तिने दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. तिला त्याला परत म्हणून दाखवता येत नव्हतं, स्कॅनरला कान असतात, तोंड नसतं. म्हणून तो पुन्हा पुन्हा सांगत होता ते तिने चार वेळा पडताळून घेतलं. मग केंद्राला फोन लावला. नव्या मुलीने उचलला.

"तास्बुलाकवरून बोलणं आलंय. लिहा. नवा बर्फ सात, दोन."

"कोण बोलतंय?"

"मकपाल झुनुसोव्हना. आधी लिहा, मग विचारा. सात, दोन. म्हणून दाखवा."

"पण आजी, यंत्रावर चार सेंटिमीटर आहे."

"खांब वाकलाय. म्हणून दाखवा."

मग मुलगी हळू म्हणाली, "सात. दोन."

"पूर्वेच्या उतारावर वरपासून भेग. म्हणून दाखवा."

"पूर्वेच्या उतारावर... वरपासून भेग." आणि मग तिचा आवाज चढला, "बेकझात आगा! बेकझात आगा!"

नऊ वाजून पाच मिनिटांनी दरीच्या तोंडाशी फाटक खाली आलं. दहाची बस फाटकापाशी अडवली, तेवीस माणसं, त्यांतली निम्मी चिडलेली. केंद्राची जीप वायरलेस घेऊन त्या वळणापर्यंत गेली जिथून चौकी दिसते. मकपाल खिडकीतून उठली नव्हती. साडेनऊनंतर तिला कुआतचं ऐकू आलं, "...ऐकलं? खरंच ऐकलं?" जीपमधून काय उत्तर आलं ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. पण कुआत गप्प झाला, आणि बटण दाबलेलंच राहिल्यामुळे त्याचा श्वास तेवढा येत राहिला, बराच वेळ.

पावणेबाराला पूर्वेचा उतार सुटला. दोनशे मीटर रस्त्यावर चार माणसं उंच बर्फ. रस्ता रिकामा होता.

इस्रापिलला बायकोने रेडिओवरची बातमी सांगितली तेव्हा तो धावत समोर आला. मकपाल टेबलाशी बसली होती, शाल अजून डोक्याला. "अहो, वाचली की माणसं! तेवीस!" तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "वाचली."

आपल्याला आता हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तेवीस वाचले ते वाचले. दोघं गेले ते गेलेच होते. या दोन आकड्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही, हे तिला त्या दुपारी पहिल्यांदा नीट कळलं.

रविवारी बेकझात आला. काझी नावाचं घोड्याच्या मांसाचं सॉसेज, मिठाई, आणि पोरांनी सह्या केलेलं एक कार्ड. चहा झाल्यावर त्याने विषय काढला. नियम पुन्हा सक्तीचा केला आहे, यंत्र असो वा नसो. त्या मुलीने स्वतः येऊन माफी मागायची म्हटलंय. आणि तुम्ही आठवड्यातून एकदा येऊन नव्या पोरांना शिकवाल का?

"त्याआधी तुला एक सांगायचंय," मकपाल म्हणाली. आणि सांगितलं. सोळा, साठ, दुसऱ्यांदा विचारल्यावर हसलेले दोघं, चौथ्यांदा न विचारलेला प्रश्न. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या तोंडून सलग बाहेर आलं, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार थोडक्यात आटोपलं.

बेकझातने पेला खाली ठेवला.

"मी ती फाइल वाचली आहे, आपाय. प्रमुख झालो त्याच वर्षी. त्यात कुणाचं नाव नाही, पण वहीच्या पानाची नक्कल आहे. तुमची सही मी ओळखतो."

"आणि बोलला नाहीस?"

"तुम्ही मला शिकवलंत तेव्हा नियम सांगितलात, कारण सांगितलं नाहीत. मला वाटलं, सांगायचं असेल तेव्हा सांगाल." तो थोडा घुटमळला. "पण मला सांगून काय उपयोग? मी त्यांचा कुणी नाही."

हे त्याने वाईट मनाने म्हटलं नव्हतं. तरी रात्रभर ते तिच्या मनात राहिलं.

तुरसिनबेकची मुलगी गुलझिरा बाजारात कपडे दुरुस्त करण्याची टपरी चालवते, हे तिला बेकझातनेच विचारपूस करून कळवलं. मकपाल मंगळवारी गेली. शिवणयंत्रामागे पंचेचाळिशीची बाई, तोंडात टाचण्या.

"काय आहे? चेन बदलायची का?"

"कपड्याचं काम नाही, बाळा. तुझ्या वडिलांबद्दल बोलायचंय."

गुलझिराने टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. मकपाल उभ्यानेच बोलली. तिने 'खराब ध्वनिग्रहण' हे शब्द वापरले नाहीत. मला लाज वाटली म्हणून मी विचारलं नाही, असं सांगितलं. एक बाई पँट घेऊन आली, तिला गुलझिराने हातानेच थांबवलं.

"मी नऊ वर्षांची होते," गुलझिरा म्हणाली. "आणि आता येऊन सांगताय."

"धीर झाला नाही."

"आता कसा झाला? तुमच्या मनावरचं ओझं माझ्या टपरीत उतरवून ठेवायला?"

मकपालला खोटं बोलता आलं असतं. "तेही आहे," ती म्हणाली. "तेवढंच नाही, पण तेही आहे."

गुलझिराने तिच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "आई आहे अजून. तिच्याकडे परस्पर जाऊ नका. तिला सांगायचं की नाही, ते मी ठरवीन."

"बरं."

"फोन नंबर लिहून ठेवा. आणि आता जा. मला काम आहे."

एप्रिल गेला. मकपाल गुरुवारी-गुरुवारी बसने केंद्रात जाऊ लागली. फोन आला नाही. येणार नाही, असं तिने धरून चाललं होतं. मेच्या सुरुवातीला एका दुपारी आला. "आई बोलावतेय," एवढंच गुलझिरा म्हणाली आणि पत्ता सांगितला.

तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बिबिझादा गादीवर उशीला टेकून बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. मकपालने सलाम केला. म्हातारीने हाताने जागा दाखवली. शिव्याशाप, रडणं, क्षमा, जे जे मकपालने मनात धरलं होतं त्यातलं काहीच आलं नाही.

"तुम्ही त्याला ओळखत होता का?" म्हातारीने विचारलं.

"नाही. कधी पाहिलंही नाही."

"मग बसा. सांगते कसा होता ते. नुसतं नाव ठाऊक असून काय करायचं?"

आणि ती सांगत गेली. तो ठेंगणा होता. गाडी चालवताना गायचा आणि सूर अजिबात नव्हता, रुग्णालयातले रोगी लांबूनच ओळखायचे की दूध आलं. लग्नाआधी तीनदा नाकारलं तरी चौथ्यांदा तोंड वर करून आला. धाकटी जन्मली तेव्हा दवाखान्याच्या दारात दोन तास हातात दुधाचा कॅन घेऊन उभा होता, कारण खाली ठेवायचं सुचलं नाही. गुलझिरा मध्येच म्हणाली, "आई, हे मला कधी सांगितलं नाहीस." "तू विचारलंस कधी?" म्हातारी म्हणाली. दुधाळ चहाचे पेले दोनदा भरले गेले. मकपाल मध्ये एकदा फक्त म्हणाली, "चौथ्यांदा आला?" आणि म्हातारी म्हणाली, "चौथ्यांदा. निर्लज्ज होता."

निघताना मकपाल दारापर्यंत पोचली तेव्हा बिबिझादाने मागून हाक मारली.

"क्लाराचा मुलगा काप्चागायला असतो. पाणीपुरवठ्यात आहे. आईविना वाढला बिचारा, बापाने दुसरं लग्न केलं. तो कडक आहे, दारातूनच परत पाठवील कदाचित. तरी जा. गुलझिरा, पत्ता लिहून दे यांना."

गुलझिराने कपड्याच्या पावतीच्या मागे पत्ता लिहिला. पुढच्या सोमवारी सकाळच्या बसने मकपाल काप्चागायला गेली.